तो हात उचलत नाही, तरीही हा छळ म्हणायचा का?

आपण लिहिले आहे की, आपली धाकटी बहीण गेली चार वर्षे पुण्यात नांदते आहे, तिला तीन वर्षांची मुलगी आहे, ती स्वतः चांगल्या पगाराची नोकरी करते आणि नवऱ्याने आजवर तिला मारलेले नाही. मात्र तिचा पगार जमा झाला की त्याच दिवशी त्याच्या खात्यात वळता होतो, तिच्या फोनचा पासवर्ड त्याला ठाऊक असावाच लागतो, ती कार्यालयात असताना दिवसातून अनेकदा व्हिडिओ कॉल येतो आणि तिच्या मैत्रिणी एकेक करून दुरावल्या आहेत. तीन आठवड्यांपूर्वी ती मुलीला घेऊन सांगलीला माहेरी आली. तेव्हापासून तो दर दोन-तीन दिवसांनी येतो, गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून बसतो, घरात मात्र येत नाही. आणि ती मिरजेला दवाखान्यात गेली होती, हे कुणीही न सांगता त्याला कळले. आई-वडिलांचे म्हणणे असे की, जीव लावणारा माणूस आहे म्हणूनच एवढ्या लांबून येतो. आता त्याचे मामा आणि काका बैठकीसाठी येऊ पाहत आहेत. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहावे तसे, आपण लिहिले आहे की, 'एकदा भांडणात त्याने गळा धरला होता, पण लगेच सोडला.'

होय, हा छळ आहे. आपण वर्णन केलेल्या गोष्टी सुट्या घटना नसून एकाच पद्धतशीर वागण्याचे भाग आहेत, आणि ती माहेरी आल्यानंतर सुरू झालेले गल्लीतले येणे हा त्याच वागण्याचा पुढचा टप्पा आहे. आपल्या प्रश्नातले शेवटचे वाक्य माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आपल्याकडे घरातल्या छळाचा विचार 'मारतो का?' या एका प्रश्नापाशी सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. माहेरचे हाच प्रश्न विचारतात, शेजारी विचारतात, पोलीस ठाण्यातला ठाणे अंमलदारही आधी तोच विचारतो. आणि उत्तर 'नाही' आले की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. समुपदेशन केंद्रात इतकी वर्षे बसल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पहिल्या भेटीत विचारण्यासाठी याहून निरुपयोगी प्रश्न नाही. त्याऐवजी मी विचारतो: 'तुम्ही त्यांना एखाद्या गोष्टीला नाही म्हणालात, तर पुढे काय होते?' साध्या घरात नाही म्हटल्यावर वाद होतो, अबोला धरला जातो, कधी आवाज चढतो आणि दोन दिवसांनी गाडी रुळावर येते. छळाच्या घरात मात्र नकाराची किंमत वसूल केली जाते. रात्रभर झोपू न देता उलटतपासणी चालते, मुलीशी बोलणे बंद होते, माहेरच्या लग्नाला जाण्याच्या आदल्या दिवशी आजारपण निघते, घरखर्चाचे पैसे थांबतात, किंवा भिंतीवर मूठ आदळली जाते, ताट भिरकावले जाते, गाडी जाणूनबुजून वेड्यासारखी चालवली जाते. त्यात बाईला एक बोटही लागलेले नसते. पण 'पुढच्या वेळी हे माझ्यावर येऊ शकते' एवढे तिला पुरेसे समजते, आणि त्यानंतर ती नाही म्हणणेच सोडून देते. म्हणून ज्या घरात नियंत्रण पक्के बसलेले असते तिथे कधी कधी मारहाण होतही नाही. मारण्याची गरज उरलेली नसते.

हे नियंत्रण सुरुवातीला अतिशय गोड रूपात येते, त्यामुळे ते ओळखणे अवघड जाते. साखरपुडा झाल्यापासून दिवसाला वीस फोन करणारा मुलगा घरच्यांना कौतुकाचा वाटतो. 'घरी पोचलीस की लोकेशन पाठव' यात काळजी दिसते. 'तुझी ती मैत्रीण मला बरी वाटत नाही' हे मत म्हणून ऐकून घेतले जाते, आणि वर्षभराने कळते की तिच्या सगळ्याच मैत्रिणी त्याला बऱ्या वाटत नाहीत, तिचा मामेभाऊ बरा वाटत नाही, कार्यालयातला वरिष्ठ तर मुळीच नाही. कुठल्याही एका गोष्टीवर बोट ठेवून 'हा छळ' असे म्हणता येत नाही, कारण प्रत्येक गोष्टीला एक समजूतदार कारण दिलेले असते. म्हणून मी सुटी घटना पाहत नाही. लग्नाआधी ती किती माणसांशी मोकळेपणाने बोलत होती आणि आज किती जणांशी बोलते. स्वतःच्या पगारातले किती रुपये ती कुणाला न विचारता खर्च करू शकते. माहेरी फोन करताना तिचा आवाज कधी बदलतो, स्पीकर चालू असतो का. कपडे, केस, हसणे, समाजमाध्यमावरचा फोटो यांचा निर्णय कोण घेतो, हे मी पाहतो. आयुष्याचा परीघ वर्षागणिक आकसत चालला असेल आणि त्याची दोरी एकाच हातात असेल, तर निदान जवळजवळ झालेच म्हणून समजावे.

काळजी आणि पाळत यांतला फरक आई-वडिलांना समजावून सांगताना मी एक साधी कसोटी वापरतो. काळजी करणाऱ्याला उत्तर मिळाले की त्याचे समाधान होते. पाळत ठेवणाऱ्याला उत्तर मिळाले की त्याला पुरावा हवा असतो, पुरावा मिळाला की त्याला नवा संशय येतो. आपल्या बहिणीने व्हिडिओ कॉलवर टेबल, खुर्ची आणि शेजारी बसलेली सहकारी दाखवल्यावर कॉल थांबले का? आपण लिहिता त्यावरून ते वाढले.

कायद्यानेही छळाची व्याख्या मारहाणीपुरती ठेवलेली नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे छळाचे प्रकार स्पष्टपणे मांडलेले आहेत. मूल किंवा मुलगा नसल्यावरून टोमणे मारणे, तिच्या जवळच्या माणसाला इजा करण्याच्या धमक्या वारंवार देणे, तिच्या हक्काचे पैसे किंवा स्त्रीधन काढून घेणे, घरातल्या ज्या सोयी वापरण्याचा तिला हक्क आहे त्यांपासून तिला वंचित ठेवणे, हे सारे त्यात येते. पगार परस्पर वळता करून घेणे हा आर्थिक छळाचा नेहमी दिसणारा प्रकार आहे, आणि 'घर दोघांचे आहे, खाते एकच असलेले बरे' या वाक्याने तो झाकला जातो. खाते एकच असणे ही अडचण नसून त्यातून पैसे काढण्याची मुभा एकालाच असणे ही खरी अडचण आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण मात्र देशभरात १४ टक्क्यांच्या आसपासच होते. आपली बहीण माहेरी आली आणि आपल्याशी बोलली, याचाच अर्थ ती त्या थोड्या स्त्रियांपैकी आहे. तिचे बोलणे आता थांबणार नाही, याची जबाबदारी घरावर आहे.

आता पाठलागाकडे येतो. लोकांची समजूत अशी असते की, पाठलाग म्हणजे कॉलेजच्या कोपऱ्यावर उभा राहणारा अनोळखी टवाळ पोरगा. प्रत्यक्षात, विशेषतः धोक्याच्या प्रकरणांत, पाठलाग करणारा बहुधा ओळखीचा असतो, आणि त्यातही पूर्वीचा जोडीदार किंवा नकार मिळालेला माणूस सर्वांत धोकादायक असतो. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात कॉलेजला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवण्यात आले आणि १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला, हे आपल्याला आठवत असेल. हल्लेखोर ओळखीचा आणि तिच्या मागावर असलेला होता. २०२२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. ज्या दिवशी पेट्रोल आणले गेले त्या दिवशी पाठलाग सुरू झालेला नव्हता. तो आधीपासून चालू असतो, आजूबाजूच्यांनी त्याला 'एकतर्फी प्रेम' असे सौम्य नाव दिलेले असते, आणि म्हणून त्याची मोजदाद होत नाही.

नवरा घरात न येता गल्लीच्या तोंडाशी का बसतो, हे नीट समजून घ्या. भेटायचे असते तर त्याने दार वाजवले असते, मुलीला खाऊ आणला असता. बाहेर बसण्यातून तो न बोलता सांगतो आहे की, तू कुठेही गेलीस तरी मला ठाऊक असते. हे सांगणे फक्त तिलाच कळते. आई-वडिलांना खिडकीतून एक दमलेला, बिचारा जावई दिसतो. पाठलागाची ताकद नेमकी या दुहेरी दिसण्यात आहे. निनावी फुले, तिच्या आवडीच्या गाण्याचा मेसेज, मैत्रिणीकडे 'ती बरी आहे ना?' अशी चौकशी, मुलीच्या शाळेत सहज मारलेली चक्कर: तक्रार करायला गेले तर यातली प्रत्येक गोष्ट क्षुल्लक ठरते. पण सगळ्या गोष्टी तारीख-वारानिशी एका कागदावर उतरवल्या की चित्र वेगळे दिसते.

मिरजेचे त्याला कसे कळले, याचा शोध फोनपासून सुरू करावा, पण फोनपाशीच थांबू नये. नकाशावरचे लोकेशन शेअरिंग, एकाच गूगल खात्यावर चालणारे दोन फोन, व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस'खाली दिसणारा एखादा लॅपटॉप, गाडीच्या डिकीत किंवा मुलीच्या दप्तरात सरकवलेला छोटासा ब्लूटूथ ट्रॅकर, मुलीच्या मनगटावरचे घड्याळ, हे नेहमीचे मार्ग. त्याशिवाय ज्याकडे कुणाचे लक्ष जात नाही असेही काही असते. गाडीचा फास्टॅग त्याच्या मोबाईलला जोडलेला असेल तर टोलनाका ओलांडल्याचा संदेश त्याला जातो. बँकेत त्याचा नंबर नोंदलेला असेल तर औषधाच्या दुकानात दिलेले पैसे त्याला कळतात. टॅक्सीचे किंवा जेवण मागवण्याचे अॅप दोघांचे एकच असेल तर पत्ता आयताच मिळतो. आणि पुष्कळदा हे काहीच नसते, एखादी भाबडी आत्याच रोज फोनवर सगळे सांगत असते.

मात्र हे सापडले की लगेच सगळे बंद करून टाकू नका. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण पाळतीचे साधन अचानक बंद पडले की समोरच्याला तत्काळ कळते की आपला ताबा सुटतो आहे, आणि पुष्कळ वेळा त्याच रात्री तो दारात येतो. आधी स्क्रीनचे फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी फोनने काढून ठेवा, तिच्यासाठी वेगळे सिम असलेला साधा फोन घ्या, त्यावरून नवा ईमेल आणि नवे पासवर्ड तयार करा, समुपदेशकाशी किंवा पोलिसांशी त्याच फोनवरून बोला. जुना फोन काही दिवस रोजच्यासारखाच चालू राहू द्या. तो कधी बंद करायचा हे बाकीची व्यवस्था झाल्यावर ठरवावे.

आता त्या गळा धरण्याविषयी. आपण 'मारलेले नाही' असे लिहिता आणि 'गळा धरला होता' असेही लिहिता. दोन्ही वाक्ये लिहिताना आपल्याला त्यांत विसंगती वाटली नाही, कारण गळा धरणे हे आपल्या घरांत मारण्यात मोजले जात नाही. वळ उठत नाही, रक्त येत नाही. अमेरिकेतील परिचारिका आणि संशोधिका जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात, घरातल्या हिंसेचा शेवट खुनात होण्याचा धोका किती आहे हे तपासण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यातला गळा दाबण्याचा प्रश्न हा मी प्रत्येक स्त्रीला न चुकता विचारतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका अभ्यासात असे दिसले की, ज्या स्त्रीचा जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेला असतो तिचा त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सात पटींनी वाढते. आकडे त्या देशातले असले, तरी त्यामागचे कारण कुठेही लागू पडते: गळा धरणाऱ्याने तिला आणि स्वतःलाही दाखवून दिलेले असते की, तुझा श्वास माझ्या हातात आहे.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर, नोव्हेंबर २०२० मध्ये एका तरुणीने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती की, सोबत राहणारा मारहाण करतो, त्याने आज श्वास कोंडून मला मारण्याचा प्रयत्न केला आणि तो तुकडे करून फेकून देण्याची धमकी देतो. काही आठवड्यांत तिने आता वाद उरलेला नाही असे लिहून दिले. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून केल्याच्या आरोपावरून त्याच सोबत्यावर खटला उभा राहिला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. त्या तक्रारीच्या कागदावर मात्र गळा, धमकी आणि माघार या तिन्ही गोष्टी लेखी स्वरूपात होत्या.

म्हणून आपल्या बहिणीला एकांतात, धीराने विचारा की, तेव्हा तिचा श्वास अडला होता का, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, नकळत लघवी होऊन कपडे ओले झाले होते का, नंतर आवाज घोगरा झाला होता का, गिळताना दुखत होते का, डोळ्यांत लाल ठिपके आले होते का. प्रकार ताजा असेल, किंवा त्यानंतर डोके दुखणे, चक्कर, बोलताना अडखळणे असे काही झाले असेल, तर गळ्यावर खूण नसली तरी डॉक्टरांना स्पष्ट सांगून तपासणी करून घ्यावी. मानेतल्या रक्तवाहिनीला झालेल्या इजेचा परिणाम काही दिवसांनीही दिसू शकतो. त्यासोबत आणखी काही गोष्टी विचारा. जिवे मारण्याची किंवा 'तू गेलीस तर मी स्वतःला संपवीन' अशी धमकी आहे का. ही दुसरी धमकी करुणा यावी म्हणून दिली जाते, पण धोक्याच्या यादीत तीही आहे. गरोदरपणात त्रास दिला होता का, शरीरसंबंधाची सक्ती होते का, घरात हत्यार आहे का, नुकतीच नोकरी गेली आहे का, दारू वाढली आहे का, आणि गेल्या वर्षभरात हे सगळे आधीपेक्षा वारंवार होते आहे का. यांपैकी दोन-तीन गोष्टींना जरी होकार आला, तरी प्रकरण 'समजुतीने घेण्याच्या' पलीकडे गेले आहे असे मानून चालावे.

या संदर्भात आई-वडिलांना एक गोष्ट पटवून द्यावी लागेल. ती घरातून बाहेर पडली म्हणजे धोका संपला, असे नसते. सोडून जाण्याचा निर्णय, प्रत्यक्ष बाहेर पडणे आणि त्यानंतरचे काही महिने हाच सर्वांत जोखमीचा काळ असतो, कारण ज्याची सगळी मदार ताब्यावर आहे त्याचा ताबा याच काळात सुटत असतो. आज तुमचे घर त्या काळात आहे.

त्यामुळे बैठकीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तिला समोर बसवून बैठक घेऊ नका. आपल्या समाजात चार वडीलधारी माणसे बसून संसार सावरतात, ही रीत वाईट आहे असे मी म्हणत नाही. व्यवहाराचे भांडण, सासू-सुनेचे खटके यांत तिचा उपयोग होतो. पण जिथे एक माणूस दुसऱ्याला घाबरतो तिथे दोघांना एका चटईवर बसवले की जो घाबरतो तो खरे बोलत नाही. तो माफी मागेल, कदाचित रडेल, कागदावर 'यापुढे असे होणार नाही' असे लिहूनही देईल, आणि त्या रडण्याने हेलावलेली माणसे तिच्यावर परत जाण्याचा दबाव आणतील. घराबाहेर पडलेल्या बाईला परत आणण्यासाठी जे वागणे आठ दिवस टिकते त्याला सुधारणा म्हणत नाहीत. सुधारलेला माणूस तिच्या अटी मान्य करतो, वाट पाहतो, गल्लीत येणे थांबवतो. वडीलधाऱ्यांना बोलायचेच असेल, तर ती आणि मुलगी त्या दिवशी दुसऱ्या घरी असावी, आणि विषय एवढाच असावा की, तिचा पगार, तिची कागदपत्रे आणि तिचे दागिने परत कधी मिळतील आणि गल्लीत येणे कधी थांबेल.

बहिणीशी बोलताना आपणही एक पथ्य पाळा. 'तू त्याला सोडच, नाहीतर माझ्याकडे येऊ नकोस' असे चुकूनही म्हणू नका. चार वर्षे जिचे प्रत्येक पाऊल दुसऱ्याने ठरवले तिला आणखी एका हुकमाची गरज नसते. अशा स्त्रिया पुष्कळदा परत जातात, पुन्हा येतात. जावई वाईट आहे हे तुम्ही तिला ठासून सांगितलेले असेल, तर परत गेल्यावर ती तुम्हाला तोंड दाखवायला लाजते आणि मग खरोखर एकटी पडते. तिला एवढेच सांगा की, हे घडते आहे ते मला दिसते आहे, त्यात तुझा दोष नाही, आणि तू काहीही ठरवलेस तरी हे दार उघडे आहे. एखादे सांकेतिक वाक्य ठरवून ठेवा, जे त्याच्या देखत फोनवर बोलले तरी संशय येणार नाही. 'आईचे गुडघ्याचे तेल संपले का?' असे काहीही चालेल. ते ऐकले की प्रश्न न विचारता ११२ वर फोन करायचा.

पुराव्याचे काम आजच सुरू करा. एका वहीत तारीख, वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, काय घडले आणि कुणी पाहिले हे रोजच्या रोज लिहा. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या वहीला तेवढे वजन राहत नाही. मेसेज आणि कॉलची यादी पुसू नका, स्क्रीनशॉट घेताना नंबर आणि वेळ दिसू द्या, आणि मूळ फोन जपून ठेवा, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. आधार, पॅन, पासबुक, लग्नाचे प्रमाणपत्र, मुलीचा जन्मदाखला, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती आपल्याकडे ठेवा. पगाराचे नवे खाते तिच्या एकटीच्या नावाने, तिच्या नव्या नंबरावर उघडून कार्यालयाला कळवावे. मात्र हा बदल त्याला पगाराच्या दिवशी लक्षात येणार आहे, हे धरून त्या दिवसाची सोय आधी करावी.

पाठलाग हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ ड खाली गुन्हा होता; २०१३ च्या दुरुस्तीने तो आला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही वारंवार मागे जाणे, संपर्क करणे किंवा तिच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणे हे त्यात येते, आणि नवऱ्याला त्यातून वगळलेले नाही. गुन्हा दखलपात्र आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे, म्हणून तक्रार दिली की तो आत जाईल अशा भरवशावर राहू नये. 'नवरा-बायकोचे आहे, एनसी (म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद) करून टाकू' असे ठाण्यात ऐकायला मिळाले, तर लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, आणि तरीही नोंद झाली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. या कलमातल्या 'स्पष्ट अनिच्छा' या अटीसाठी तिने एकदाच, लेखी, शिवीगाळ किंवा समजावणी न करता कळवावे की, मला संपर्क करू नका, माझ्या मागे येऊ नका. त्यानंतर उत्तर देऊ नये. एकोणचाळीस फोन न घेता चाळिसावा घेतला, तर त्याला एवढेच कळते की चाळीस फोन करावे लागतात. हा संदेश कधी पाठवायचा हे मात्र समुपदेशकाशी बोलून ठरवावे, कारण तो पोचल्यानंतरचे दोन-चार दिवस कठीण जातात.

तरीही या प्रकरणात माझा भर फौजदारी कलमांपेक्षा २००५ च्या कायद्यावर राहील. छळाचे जुने कलम ४९८ अ, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ आणि ८६, यांत क्रूरतेची पातळी बरीच वर ठेवलेली आहे, आणि फोन तपासणे, पगार घेणे या गोष्टी तिथवर नेऊन सिद्ध करणे कष्टाचे असते. २००५ च्या कायद्याचे कलम १८ मात्र तुमच्या प्रश्नासाठीच लिहिल्यासारखे आहे: तिच्या नोकरीच्या ठिकाणी जाणे, मुलीच्या शाळेत जाणे, तोंडी, लेखी, फोनवरून किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क साधणे, बँकेच्या खात्यांना व लॉकरला हात लावणे, तिला आधार देणाऱ्या नातेवाइकांना त्रास देणे, या सगळ्याला न्यायदंडाधिकारी मनाई करू शकतात. कलम २७ नुसार ती तात्पुरती जिथे राहते तिथेही अर्ज करता येतो, त्यामुळे पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही, सांगलीतच अर्ज होईल. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लागावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून कलम २३ खालचा एकतर्फी अंतरिम आदेशाचा, म्हणजे त्याचे म्हणणे ऐकण्याआधीच मिळू शकणाऱ्या तात्पुरत्या आदेशाचा, अर्ज आणि त्यासोबतचे शपथपत्र पहिल्याच दिवशी जोडावे, आणि त्यात गळा धरल्याचा प्रसंग वेगळ्या परिच्छेदात, तारखेसह लिहावा. अर्जासाठी जिल्ह्यातील संरक्षण अधिकारी मदत करतात आणि घटनेचा अहवाल तयार करून देतात. वकिलाची फी अडचणीची असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १८१ ही महिला हेल्पलाईन आणि सखी वन स्टॉप सेंटर येथूनही सुरुवात करता येते. पोलीस ठाण्याच्या आवारात चालणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष जवळ असेल, तर तिथले समाजकार्यकर्ते ही पद्धत चांगली जाणतात. हा उपक्रम टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केला आणि तो पुढे राज्यभर पसरला.

आदेश मिळाल्यावर काम संपत नाही. त्याच्या प्रमाणित प्रती काढून एक तुमच्या हद्दीतील पोलीस ठाण्यात पोच घेऊन द्या, एक तिच्या कार्यालयातील सुरक्षा विभागाला, एक मुलीच्या बालवाडीत, आणि एक तिच्या पर्समध्ये व नव्या फोनमध्ये असू द्या. बालवाडीत मुलीला नेण्याची परवानगी कुणाकुणाला आहे, त्यांची नावे लेखी द्या. आदेश मोडणे हा कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकणारा, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यामुळे आदेशानंतर तो पहिल्यांदा दिसेल तेव्हा बाहेर जाऊन त्याच्याशी वाद घालण्याऐवजी दार आतून लावा, ११२ ला फोन करा आणि येणाऱ्या पोलिसाच्या हातात ती प्रत द्या.